टायरवर हात फिरवा, मग अलाइनमेंटला जा

गणपती करून सावंतवाडीहून पुण्याला परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी पुढचं डावं चाक पंक्चर निघालं. पंक्चरवाल्याने चाक काढलं, जमिनीवर आडवं टाकलं आणि आतली बाजू माझ्याकडे वळवली. म्हणाला, "साहेब, हे बघा." बाहेरच्या बाजूला नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. आतल्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीचा पट्टा घासून गुळगुळीत झाला होता आणि एका ठिकाणी रबराखालच्या पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. मागच्या सीटवर आई आणि मुलगी बसलेल्या असताना त्याच टायरवर मी आंबोली घाट उतरलो होतो आणि चढलोही होतो.

अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवून घेणं) केलेली होती. अडीच महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट गाडीच्या कप्प्यातच होता. पुढचे दोन्ही टो (चाकांचं तोंड आत-बाहेर वळण्याचा कोन) हिरव्या चौकटीत, म्हणजे बरोबर होते. डाव्या कॅम्बरचा (चाकाच्या झुकण्याचा) आकडा लाल होता, पण त्याबद्दल मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. नंतर उघडल्यावर कळलं की डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश (सांध्यातलं रबर) फाटला होता. गाडी रॅम्पवर शांत उभी असताना टो बरोबर दिसायचा. रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकायचा, चाकाचं तोंड बाहेर वळायचं आणि टायरची आतली कड खरवडली जायची. मशीनने खोटं सांगितलं नव्हतं, ते उभ्या गाडीबद्दल बोलत होतं एवढंच.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी टायर वाचायचा, मग सांधे आणि बुश तपासायचे, आणि मशीन सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो. पण टायर वाचायला कोन माहीत हवेत, म्हणून सुरुवात कोनांपासून.

टो: टायर खाणारा मुख्य कोन

सरळ उभे राहा आणि खाली आपल्या पावलांकडे बघा. दोन्ही चवडे किंचित आत वळवले तर तो टो-इन, बाहेर फाकवले तर टो-आउट. गाडीच्या चाकांचंही तसंच. वरून बघितल्यावर दोन्ही चाकांची पुढची तोंडं जवळ आलेली दिसली की टो-इन, लांब गेलेली दिसली की टो-आउट. रिपोर्टवर टो-इन अधिक चिन्हाने आणि टो-आउट उणे चिन्हाने लिहितात.

हा कोन इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही, पण टायरला तो प्रत्येक मीटरला सोसावा लागतो. हिशेब करून बघा. एका चाकाचा टो ०.१ अंशाने चुकला असेल, तर ते चाक जिकडे तोंड करून आहे तिकडे गाडी जात नाही, आणि दर किलोमीटरला साधारण पावणेदोन मीटर आडवं घासणं टायरच्या वाट्याला येतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे. म्हणजे एका फेरीत तो टायर जवळजवळ १६५ मीटर आडवा ओढला जातो. चूक पाव अंशाची असेल तर ४०० मीटरच्या वर. दहा हजार किलोमीटरला किती होईल ते तुम्हीच मांडा.

या घासण्याची खूण टायरवर अगदी ठरावीक उमटते. नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक कड झिजून गोल होते आणि दुसरी धारदार राहते, करवतीच्या दातांसारखी. डोळ्यांना पटकन दिसत नाही, हाताला लगेच कळते. गाडी बंद करून, टायर थंड झाल्यावर, तळवा नक्षीवरून आडवा फिरवा: आधी आतल्या कडेकडून बाहेर, मग बाहेरून आत. आतून बाहेर नेताना खरखरीत लागलं आणि उलट नेताना गुळगुळीत, तर टो-इन जास्त आहे. बाहेरून आत नेताना खरखरीत लागलं, तर टो-आउट जास्त आहे. हात हळू फिरवा. तारा बाहेर आल्या असतील तर त्या सुईसारख्या टोचतात.

टो-इन फार झाला की झीज बाहेरच्या कडेपासून सुरू होते, टो-आउट फार झाला की आतल्या कडेपासून. आतली झीज जास्त धोक्याची, कारण ती दिसत नाही. चाक सरळ असताना आपण गाडीभोवती फेरी मारतो आणि बाहेरची नक्षी बघून समाधान मानतो. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून मागच्या बाजूने डोकावलं, तरच आतली कड दिसते.

गाडीच्या चालण्यावरही टोचा परिणाम होतो. पुढे थोडा टो-इन असला की गाडी सरळ रेषा धरते. टो-आउट असला की वळणात चटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर सतत इकडे-तिकडे शोध घेत राहते आणि तुम्हाला स्टेअरिंग सावरत बसावं लागतं. मग सगळ्या गाड्यांना सारखाच टो का देत नाहीत? कारण चालताना चाकं आपली जागा किंचित बदलतात. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत इंजिनाचा जोर चाकांची तोंडं आत ओढतो, म्हणून अशा गाड्यांना उभं असताना शून्याच्या आसपास किंवा किंचित टो-आउट ठेवलेला असू शकतो. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांची तोंडं बाहेर ढकलतो, म्हणून तिथे थोडा टो-इन देतात. तुमच्या गाडीसाठी बरोबर आकडा तोच, जो कंपनीने त्या मॉडेलला दिला आहे. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

कॅम्बर: चाक कुठे झुकलं आहे

समोरून बघितल्यावर चाकाचा वरचा भाग गाडीच्या आत झुकलेला असेल तर कॅम्बर उणे, बाहेर झुकलेला असेल तर अधिक. बहुतेक घरगुती गाड्यांत पुढचा कॅम्बर शून्यापासून उणे एक अंशापर्यंत कुठेतरी असतो. मागे तो थोडा जास्त उणे असणं नेहमीचं आहे.

उणे कॅम्बर मुद्दाम ठेवलेला असतो. वळणात गाडीचं शरीर बाहेर कलतं आणि बाहेरच्या चाकालाही सोबत बाहेर झुकवतं. आधीपासून थोडं आत झुकलेलं चाक अशा वेळी सरळ होतं आणि टायर पूर्ण रुंदीने रस्ता धरतो. घाटातल्या वळणावर पकड तिथूनच येते. किंमत एवढीच, की सरळ रस्त्यावर टायरच्या आतल्या बाजूवर थोडा जास्त भार राहतो.

कॅम्बरची झीज एका बाजूला पण गुळगुळीत असते, करवत लागत नाही. हाताने ओळखायचा फरक हाच. अनेकजण आतली कड झिजलेली दिसली की लगेच कॅम्बरला दोष देतात. एक अंशाचा उणे कॅम्बर एकटा टायर सहसा संपवत नाही. त्याच्या जोडीला टो-आउट आला की मात्र आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये जाते. माझ्या डाव्या टायरचं तेच झालं होतं.

गाडी एका बाजूला ओढण्याचंही हे एक कारण. झुकलेलं चाक झुकलेल्या दिशेला गोल फिरू पाहतं, उतारावरून सोडलेलं नाणं ज्या बाजूला कलतं त्या बाजूला वळतं तसं. म्हणून डाव्या आणि उजव्या कॅम्बरमध्ये मोठा फरक असेल, तर ज्या बाजूचा कॅम्बर अधिक चिन्हाकडे जास्त, त्या बाजूला गाडी जाते.

कास्टर आणि मागची चाकं

कास्टर टायर खात नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे झुकलेलं असतं. त्यामुळे हात सोडले तरी सायकल सरळ चालते. गाडीत चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्या अक्षाचं हे मागे झुकणं म्हणजे कास्टर. तो पुरेसा असला की वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून मध्यावर येतं आणि हायवेला गाडी एका रेषेत राहते. शिवाय चाक वळवलं की तो बाहेरच्या चाकाला थोडा उणे कॅम्बर मिळवून देतो, म्हणजे गरजेच्या वेळी पकड वाढते. दोन्ही बाजूंचा कास्टर वेगळा असेल तर ज्या बाजूचा कमी, तिकडे गाडी ओढते.

खोल खड्ड्यात चाक आदळलं की ते मागे ढकललं जातं आणि कास्टर कमी होतो. याची घरची चाचणी सोपी आहे. स्टेअरिंग सरळ ठेवा आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. दोन अंतरांत सेंटिमीटरच्या आसपास फरक आला तर काहीतरी वाकलं आहे किंवा सरकलं आहे.

मागच्या चाकांचा टो हा लोकांच्या लक्षातच नसलेला भाग. गाडी कुठे जाईल हे मागची चाकं ठरवतात, पुढची फक्त त्यांच्याशी जुळवून घेतात. मागचं डावं आणि उजवं चाक वेगवेगळ्या कोनात असेल तर दोन टोंच्या फरकाच्या निम्म्या कोनात मागचा भाग ढकलला जातो. त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. गाडी सरळ जाते, पण खेकड्यासारखी तिरकी, आणि सरळ जाण्यासाठी स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. पुढचा टो कितीही नीट केला तरी हे जात नाही. मागच्या चाकांना टो-आउट आला तर उतारावर ब्रेक दाबताना शेपूट हलकं वाटतं. कोकणातून येणाऱ्या-जाणाऱ्याने ही खूण कधीही सोडून देऊ नये.

आता घरी काय बघायचं

पहिलं काम हवा. सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरू नये. डाव्या टायरची हवा कमी असेल तर गाडी डावीकडेच जाणार आणि तुम्ही उगाच अलाइनमेंटचे पैसे देणार. हवा कायम कमी राहिली तर दोन्ही कडा झिजतात, कायम जास्त राहिली तर मधला भाग.

दुसरं, चारही टायरवर हात. खोली मोजायचा छोटा गेज घ्या, अगदी स्वस्त मिळतो. प्रत्येक टायरच्या आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा आणि वहीत लिहा. खोबणीत आडव्या छोट्या उंचवट्या असतात, त्या १.६ मिमीची खूण सांगतात. नक्षी तिथवर आली की टायर बदलायची वेळ झाली. घेरावर थोड्या-थोड्या अंतरावर खळगे पडलेले असतील तर ते अलाइनमेंटचं काम नाही. शॉकअप बसले असतील किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन घेरभर समान असणं) बिघडलं असेल. तसंच ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरलं तर तेही आधी बॅलन्सिंग. काउंटरवर ही दोन कामं एका दमात विकतात, पण ती वेगळी आहेत.

तिसरं, चालवून बघणं. आपण डावीकडून चालवतो आणि पाणी जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे गाडी अगदी सावकाश डावीकडे जाणं साहजिक आहे. त्याच रस्त्यावर ती उजवीकडे जात असेल तर दोष नक्की आहे. स्टेअरिंग सोडून बघायचं तर मोकळ्या सपाट मैदानात किंवा पूर्ण रिकाम्या सरळ रस्त्यावर, हात स्टेअरिंगपासून इंचभर अंतरावर ठेवून. मग ब्रेक दाबताना काय होतं ते बघा. फक्त ब्रेकलाच ओढत असेल तर ब्रेकचा कॅलिपर किंवा लोअर आर्मचा बुश. गाडी सतत ओढत असेल तर एक उपाय घरीच करता येतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर पुढचे दोन्ही टायर एकमेकांच्या जागी लावा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीतच आहे, कोन कितीही फिरवले तरी जाणार नाही.

चौथं काम सांधे, आणि इथे घाई नको. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, जॅक लावल्यावर खाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका. चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरा. खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा रॅकचा (स्टेअरिंगच्या दातेरी पट्टीचा) आतला सांधा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि १२-६ चा खेळ थांबला, तर दोष बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त. बुश बघायला टॉर्च लागतो. रबराला भेगा पडलेल्या किंवा धातूपासून सुटलेलं दिसलं की तो गेला. मैदानात सावकाश मागे-पुढे करून ब्रेक मारताना 'कट्' असा आवाज आला, तर बुश फाटल्याची ती जवळजवळ खात्रीची खूण. माझ्या गाडीत तो आवाज येत होता. मी तो बूटमधल्या सामानाचा समजत राहिलो.

यातलं काही सैल असेल तर अलाइनमेंटला जाऊ नका. आधी पार्ट बदला. सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या तराजूवरचं वजन.

ज्यांना मशीनशिवाय टो बघायचा आहे त्यांच्यासाठी एक जुनी रीत. पुढची चाकं उचलून, प्रत्येक टायर फिरवत, नक्षीच्या मध्यावर खिळ्याने बारीक सरळ रेघ मारा. गाडी खाली घ्या, दोन-चार मीटर पुढे ढकला म्हणजे सस्पेन्शन बसेल. मग दोन्ही रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूने, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोघांनी टेप धरून मोजा आणि त्या जागी खडूने खूण करा. गाडी पुढेच ढकला, खडूची खूण मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत, आणि पुन्हा मोजा. मागचं अंतर जास्त तर टो-इन, कमी तर टो-आउट. गाडी मागे ढकलायची नाही, कारण सांध्यांचा ताण उलटतो आणि आकडा फिरतो. साधारण ६०० मिमी व्यासाच्या टायरवर १ मिमीचा फरक म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून सुमारे ६ मिनिटांचा टो. या रीतीने मी सेटिंग करत नाही, पण खड्ड्यात आदळल्यावर घरापाशीच अंदाज घ्यायला ती पुरेशी आहे.

दुकानात काय बघायचं

गर्दी नसलेल्या वेळी जा, शक्यतो सकाळी. डिकीतलं जड सामान काढा. गाडी रॅम्पवर चढल्यावर तिथेच उभे राहा. चांगला मेकॅनिक याला हरकत घेत नाही. "दादा, आधीचा रिपोर्ट पण द्या" हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर फक्त नंतरचा हिरवा कागद मिळतो आणि काय चुकलं होतं ते कळत नाही.

रिमवर क्लॅम्प लावल्यावर चाकं एकदा फिरवून किंवा गाडी थोडी मागे-पुढे करून मशीनला रिमचा वाकडेपणा कळवावा लागतो. हे वगळलं तर खड्ड्याने वाकलेल्या रिमचा दोष टोच्या आकड्यात मिसळतो. पुढची चाकं फिरत्या ताटल्यांवर हवीत आणि त्यांच्या पिना काढलेल्या हव्यात. गाडी पुढून-मागून दोन-तीनदा दाबून सोडायची, म्हणजे सस्पेन्शन आपल्या उंचीवर येतं. मॉडेल बरोबर निवडलं आहे का ते स्क्रीनवर स्वतः वाचा. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांचे आकडे वेगळे असू शकतात.

मग कास्टर. त्यासाठी चाकं दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांनी वळवावी लागतात. वेळ वाचवायला हे अनेकदा सोडून देतात आणि रिपोर्टवर कास्टरची चौकट रिकामी राहते. गाडी ओढत असेल तर ती चौकट भरून मागा.

सेटिंगचा क्रम मागून पुढे: जिथे करता येतो तिथे आधी मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कास्टर, कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून टो शेवटी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) आणि मागे एकसंध बीम असतो. त्यांत हाताने फिरवण्यासारखा एकच कोन असतो, पुढचा टो. बाकीचे कोन मोजता येतात, पण फिरवता येत नाहीत. म्हणून अशा गाडीत कॅम्बर लाल दिसला तर त्याचा अर्थ 'सेट करा' असा नसून 'काय वाकलंय ते शोधा' असा आहे.

काही ठिकाणी अशा वेळी साखळी आणि जॅक लावून स्ट्रट वाकवतात आणि आकडा हिरवा करून देतात. मी हे करू देत नाही. स्ट्रटच्या आत दांडा सरळ सरकायचा असतो. नळी वाकली की सील लवकर जातं, आणि मूळ दोष, वाकलेला आर्म किंवा सरकलेला सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात ती चौकट), तसाच राहतो.

टो फिरवताना स्टेअरिंग मध्यावर लॉक हवं. दोन्ही टाय रॉडचे लॉकनट सैल करायचे आणि रॅकच्या रबरी बूटची क्लिपही, नाहीतर बूट पिळला जातो, फाटतो आणि पावसाळ्यात पाणी थेट रॅकमध्ये जातं. लॉकनट आवळताना आकडा थोडा हलतो, म्हणून आवळून झाल्यावर स्क्रीनकडे पुन्हा बघा. स्टेअरिंग वाकडं राहिलं तर ते टाय रॉडनेच सरळ करायचं, एका बाजूला जेवढं आत तेवढंच दुसऱ्या बाजूला बाहेर. स्टेअरिंग व्हीलच काढून सरळ बसवणं हा उपाय नाही. त्याने रॅकचा मध्य चुकतो आणि एअरबॅगच्या वायरिंगला धोका असतो. ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत शेवटी स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागतो, तेही विचारा.

रिपोर्ट कसा वाचायचा

आधी एकक बघा. ०.३० हे दशांश अंश आहेत, म्हणजे १८ मिनिटं. ०°३०' म्हणजे ३० मिनिटं, अर्धा अंश. ही गफलत मी दुकानातल्या माणसांनाही करताना पाहिली आहे.

समजा, पुढचा डावा कॅम्बर उणे १°२५' आणि उजवा उणे ०°२०' आला. फरक एक अंशाहून जास्त, आणि हाताने फिरवायची सोय नाही. आता रिपोर्टवर एसएआय किंवा केपीआय नावाची ओळ शोधा. समोरून बघताना वळण्याचा अक्ष किती आत झुकला आहे, ते ती सांगते. ती डावीकडे १३°४०' आणि उजवीकडे १२°३५' असेल, तर दोन्हीकडे कॅम्बर उणे चिन्हासह मिळवून बेरीज १२°१५' येते. बेरीज सारखी आहे म्हणजे स्ट्रट आणि नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) आपसात धड आहेत, त्यांची जोडी सबंधच झुकली आहे. अशा वेळी सबफ्रेम, लोअर आर्म, त्याचे बुश आणि स्ट्रटचं वरचं माउंट तपासायचं. उलट एसएआय दोन्हीकडे १२°३५' असेल आणि कॅम्बर तेवढाच वेगळा, तर डावीकडची बेरीज ११°१०' होते. आता स्ट्रट किंवा नकलच वाकला आहे. एका बेरजेने कुठला पार्ट उघडायचा ते कळतं, आणि ती बेरीज करायला मशीनवाल्याची गरज नाही.

पुढच्या टोत 'टोटल' बरोबर आणि डावं-उजवं वेगवेगळं असेल, तर चालताना चाकं आपोआप समान वाटून घेतात आणि स्टेअरिंग वाकडं राहतं. टायर त्याने झिजत नाही. मागच्या चाकांत तसं होत नाही. तिथे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे बरोबर हवेत.

केव्हा करायची? टाय रॉड, लोअर आर्म, स्ट्रट किंवा टायर बदलल्यावर लगेच. जोराचा दणका बसल्यावर. नाहीतर दर दहा हजार किलोमीटरला. गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगमध्ये स्पेसर घातले असतील तर त्याच दिवशी, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. मी स्वतः पावसाळा संपता-संपता, कोकणातून परत आल्यावर आणि दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी करून घेतो.

करवत लागलेला टायर अलाइनमेंटनंतर लगेच शांत होत नाही. त्याचा घुमणारा आवाज बेअरिंगसारखा वाटतो आणि लोक उगाच बेअरिंग बदलतात. तो टायर मागे टाका आणि वाट बघा. मागे गेल्यावर पुढून येणारा आवाज मागून यायला लागला, तर दोष टायरचाच होता.

शेवटची पायरी ५०० किलोमीटरनंतर. पुन्हा टायर थंड असताना दोन्ही दिशांनी हात फिरवा. नवी करवत नसेल तर काम झालं. त्यानंतर दर महिन्याला तीन जागी गेज. बुश बदलल्यावर घातलेल्या डाव्या टायरची माझ्या वहीतली पहिली नोंद आत, मध्ये, बाहेर ८.० अशी आहे. नऊ हजार किलोमीटरनंतरची नोंद आत ६.६, मध्ये ६.७, बाहेर ६.७.